भरती अकॅडमीचा रिव्ह्यू: पोरगं टाकण्याआधी एकदा वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. भाच्याच्या भरतीच्या तयारीसाठी आमच्या घरानं दोन अकॅडम्या बघितल्या. दोन्हीकडं पोरगं राहिलं आणि दोन्हीकडं मी स्वतः जाऊन बसलो, मेसमधी जेवलो, ग्राउंड बघितलं, चालवणाऱ्यांशी बोललो. पहिलीला पाचपैकी एक स्टार, तोबी निस्ता ग्राउंडला. दुसरीला चार. नावं देत नाही, मला कुणाचा धंदा पाडायचा नाही आणि कुणाची जाहिरातबी करायची नाही. आईबाप अकॅडमी निवडताना फी बघतात, मेस बघतात, किती पोरं लागली त्याचे फ्लेक्स बघतात, पण पोराला जायचंय का हे तिथं कुणी विचारतंय का, हे काय कुणी बघत नाही. माझे स्टार जास्त करून ह्या एकाच गोष्टीवर दिलेले आहेत, बाकीचंबी सांगतो.

आपल्याकडं परभणी, हिंगोली, बीड, जालना, कुठल्याबी गावाच्या बाहेर पहाटं पाचला रोडला उभं राहा, पोरं पळताना दिसतात. परभणीत कृषी विद्यापीठाच्या रोडला तर कडाक्याच्या थंडीतबी. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही, बारावी झालेलं पोरगं बसून, नोकरी नाही म्हणून सोयरीक जमत नाही, मग फौज नसता पोलीस एवढे दोनच रस्ते घरच्यांना दिसतात. त्यामुळं अकॅडम्या गावोगाव निघाल्यात, आणि खरं सांगायचं तर त्यांची गरजबी आहे. फौजेच्या भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आलं तर 60 मार्क आणि दहा बीमला (दांडीला लटकून वर उचलायचं ते) 40, हे गावातल्या पांदीत पळून होत नाही, टायमिंग लावणारं माणूस लागतं. 2023 पासून तर आधी ऑनलाईन परीक्षा आणि मग ग्राउंड असं झालंय, म्हणजे पुस्तकबी लागतं. म्हणून मी अकॅडमीच्या विरोधात बिलकुल नाही.

आता पहिली. ही एका तालुक्याच्या गावी आहे, निवासी, राहून-खाऊन महिन्याचे आठ हजार, तीन महिन्यांचे आधी भरायचे आणि परत काही मिळत नाही. दाजींनी परस्पर चौकशी केली, पैसे भरले आणि पोराला बॅग भरायला सांगितलं. आक्काला बी आदल्या दिवशी कळलं. ग्राउंड चांगलं आहे, मुरूम टाकून दाबलेलं, चुन्याची लाईन रोजच्या रोज मारलेली, नऊ फुटाचा खड्डा मापात, बीमचे पाईप गंजलेले नाहीत. एक स्टार त्याचाच. जेवण म्हणजे सकाळी पोहे, दुपारी पातळ वरण आणि रबरासारखी पोळी, दूध-अंडे फीमध्ये सांगितलेले पण आठवड्यात एखाद्या बारीच. एका खोलीत चौदा-पंधरा पोरं, दोन पंखे, त्यातला एक बंद. हे सगळं मी चालवून घेतलं असतं, गावाकडच्या लेकरांना एवढं काही वाटत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा ऑफिसमधी लोखंडी कपाट उघडं होतं. आत प्लास्टिकच्या फायली, प्रत्येकीवर पोराच्या नावाची चिकटपट्टी, आणि त्यात सगळ्यांचे ओरिजनल कागद, दहावी-बारावीचे मार्कमेमो, टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला. बाजूला भाजीची परडी असती तशी परडी आणि त्यात पोरांचे मोबाईल, रविवारी अर्धा तास मिळायचे. ओरिजनल कागद कशाला ठेवलेत म्हणलं तर टेबलावरचा माणूस सरळ म्हणला, "पोरं पळून जातात ना." मोबाईलचं मी समजू शकतो. पण कागद अडकवून ठेवायचे म्हणजे पोराचं पुढचं शिक्षण, दुसरा फॉर्म, आयटीआयचं ॲडमिशन, सगळंच दावणीला बांधून ठेवल्यासारखं झालं. असे कागद धरून ठेवायचा कुठलाच हक्क कुठल्या अकॅडमीला नाही, हे आईबापांनी डोक्यात पक्कं ठेवावं. झेरॉक्स द्या, ओरिजनल दाखवा आणि परत घ्या.

त्याच दिवशी एका पोराचा बाप आलेला. पोरगं म्हणलं, अप्पा मला घरी यायचं, मला हे जमणार नाही. तेवढं म्हणल्यावर तिथल्या सरनं त्याला बापासमोरच बेडूक उड्या मारायला लावल्या, ग्राउंडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुपारचं ऊन, पोराच्या टाचेचं कातडं निघालेलं, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि बाप म्हणतो, बराबर करायलेत, असंच पाहिजे. मी मधी पडलो तर मलाच उत्तर मिळालं की इथं आल्यावर पोराची मर्जी चालत नसती, फौज आहे ही.

मी त्यांना तिथंच म्हणलो आणि इथंबी लिहितो, ही फौज नव्हे. भारताच्या फौजेत आजपर्यंत कुणालाच जबरदस्तीनं घेतलेलं नाही. स्वातंत्र्यानंतर 1962 झालं, 1965 झालं, 1971 झालं, कारगिल झालं, ह्या सगळ्या लढाया आपल्या मर्जीनं भरती झालेल्या माणसांनी लढल्यात. त्याच्या आधी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेत 25 लाखांच्या आसपास माणसं होती, तीबी कायद्यानं ओढून नेलेली नव्हती. अग्निवीरच्या, म्हणजे फौजेतल्या चार वर्षांच्या नोकरीच्या भरतीत पोरगं अठराच्या आतलं असलं तर फॉर्मवर आईबापाची सही लागते, पण ती पोराच्या अर्जाला जोडून लागते, पोराच्या जागी नाही. म्हणजे खुद्द फौज ज्याला विचारल्याशिवाय घेत नाही, त्याला ही अकॅडमी विचारायला तयार नाही.

आणि फौज आधी विचारते त्याला कारण आहे, एकदा आत गेलं की मर्जी उरत नाही. हे लई जणांना माहीतच नसतं. राज्यघटनेच्या कलम 33 नं संसदेला अधिकार दिलाय की फौजेतल्या माणसाचे मूलभूत हक्क कमी करता येतात, आणि 1950 च्या आर्मी ॲक्टमधी ते केलेलेबी आहेत. युनियन करता येत नाही, राजकीय संघटनेत जाता येत नाही, परवानगीशिवाय पेपरवाल्याशी बोलता येत नाही. पळून गेलं तर कोर्ट मार्शल, आणि युद्धाच्या ड्युटीवरून पळालं तर शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाते. अग्निवीरला चार वर्षं पुरी व्हायच्या आत स्वतःच्या मनानं सोडताबी येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असलं आणि वरून मंजुरी मिळाली तरच. हे सगळं बरोबरच आहे, बॉर्डरवर उभं राहायचं म्हणजे शिस्त पाहिजेच, मला त्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण ज्या दरवाजातून बाहेर येता येत नाही त्यातून आत जाताना तरी माणूस स्वतःच्या पायानं गेलेला पाहिजे. बापानं ढकललेला नको, सरनं धमकावलेला नको आणि सरकारनं उचलून नेलेला बी नको.

सरकारचं नाव घेतलं कारण आमच्या घरात हा विषय तिथपर्यंत गेला. भाच्याला मी घेऊन आलो तर दाजी म्हणले, पाव्हणं तुम्ही पोराला लाडावता, खरं तर इस्रायलसारखं सगळ्यांना कंपल्सरी करायला पाहिजे, अठरा झाले की दोन वर्षं फौज, पोरं आपोआप सुधरतील, गुटखा सुटंल, मोबाईल सुटंल. हे फक्त दाजींचं मत नाही, पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंबी ऐकायला मिळतं, आणि बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांना खरंच पोरांची काळजी असते. म्हणून ह्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

आधी आकडे बघा. आपल्या फौजेची संख्या बारा लाखांच्या आसपास. अग्निवीरवाली अग्निपथ योजना 2022 ला आली तेव्हा तिन्ही दलांच्या मिळून पहिल्या वर्षीच्या जागा होत्या 46,000. आणि देशात दरवर्षी अठराची होणारी लेकरं कोटींनी आहेत. सगळ्यांना घ्यायचं म्हणलं तर त्यांना झोपवणार कुठं, शिकवणार कोण, बंदूक कुठून देणार, आणि जे खरे सैनिक आहेत त्यांचं निम्मं आयुष्य नको असलेल्या पोरांना रांगेत उभं करण्यातच जाईल. इस्रायल हा मराठवाड्याच्या अर्ध्या लोकसंख्येचा देश, चारी बाजूनं लढाया, त्यांचं गणितच वेगळं. आणि तिथंबी वर्षानुवर्षं धर्माचं शिक्षण घेणाऱ्या कट्टर ज्यूंना सूट होती, त्यावरून भांडणं चालू आहेत, शेवटी 2024 ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ह्यांनाबी घ्या. दक्षिण कोरियात पायदळात दीड वर्ष सक्तीचं आहे, पण तिथला मोठा फुटबॉलवाला सोन ह्युंग-मिन 2018 च्या एशियन गेम्समधी गोल्ड मिळालं म्हणून त्यातून सुटला, तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आणि समाजसेवेचे काही तास एवढ्यावर भागलं. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी कॉलेजात असलेल्या पोरांना पुढची तारीख मिळायची आणि गरिबांची पोरं आधी जायची, लोक इतके चिडले की 1973 ला सक्ती बंद करावी लागली. सक्ती सगळ्यांवर सारखी आहे असं कागदावर असतं. आपल्याकडं तर मेडिकल अनफिटचं सर्टिफिकेट कुणाच्या पोराला आधी मिळालं असतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

आणि आपल्याकडं ह्याची थोडी चव घेऊन झालेली आहे. चीनच्या युद्धानंतर 1963 ला कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची केली, आणि 1968 ला परत ऐच्छिक केली. आमचे थोरले चुलते त्या काळात कॉलेजला होते, ते सांगायचे की निम्मी पोरं हजेरीपुरती परेडला यायची, बूट दुसऱ्याचे, कॅप तिसऱ्याची. ज्यांना आवड होती ते सक्ती गेल्यावरबी राहिले, त्यातले दोघं पुढं फौजेत गेले. 2018 ला संसदेच्या संरक्षण समितीनं म्हणलं होतं की गॅझेटेड सरकारी नोकरी पाहिजे असंल तर पाच वर्षं फौज सक्तीची करा, तेबी तसंच राहिलं.

आता एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. आपली घटना अशी सक्ती करायला पूर्ण बंदी घालत नाही. कलम 23 मधी वेठबिगारीला बंदी आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात लिहिलंय की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त त्यात धर्म, वंश, जात, वर्ग असा भेद करायचा नाही. उद्या तसंच मोठं संकट आलं तर सरकारकडं तो रस्ता आहे, आणि तेव्हा मीबी जाईन, वयाला काय करायचंय. पण वेठबिगार म्हणजे काय हे आमच्या आज्याला माहीत होतं. निजामाच्या राज्यात वरून निरोप आला की आपलं शेत सोडून दुसऱ्याचं ओझं वाहायला जायचं, पैसे नाही, भाकर नाही, कुरकुर केली तर मार. सप्टेंबर 1948 मधी ते राज्य गेलं. ज्या भागानं हे भोगलंय त्या भागातल्या माणसानं "पोरांना उचला आणि न्या, सुधरतील" असं सहज म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. गुटखा सोडवायला फौज नसती. गुटखा घरी सोडवा.

दाजींनी ह्यावर एक प्रश्न केला आणि तो प्रश्न भारी होता, मला रात्रभर झोप लागली नाही. ते म्हणले, तुम्ही मर्जी मर्जी करायलात, पण आपल्या पोरांची मर्जी असती कुठं, पाऊस पडला असता आणि सोयाबीनला भाव असता तर किती पोरं पळाली असती पहाटं पाचला, भूकच ढकलायली की त्यांना. खरंय. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतून किती पोरं शिपाई भरतीला येतात आणि आपल्या तांड्या-वाड्यावरून किती येतात हे सगळ्यांना दिसतं. सक्तीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हाच सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, की मर्जीची फौज म्हणजे शेवटी गरिबाचीच फौज होते, श्रीमंताचं पोरगं कधी जातच नाही.

मी ह्यावर लई विचार केला. माझं उत्तर असं की गरज वेगळी आणि हुकूम वेगळा. गरजेपोटी जायला निघालेल्या पोराला नाही म्हणता येतं, दुसरं काम धरता येतं, उद्या परत येतो म्हणता येतं. हुकमात ते नाही. आणि गरजेनं गेलेला माणूस कमी मर्द असतो असंबी नाही, पगारासाठी गेलेल्यांनीच कारगिलची शिखरं परत घेतली. पण दाजींच्या बोलण्यातलं खरं एवढंच, की पोरासमोर एकच दरवाजा उघडा ठेवून त्याला तुझी मर्जी म्हणायचं ही फसवणूक आहे. त्याला आयटीआय सांगा, पोलीस सांगा, बँक सांगा, शेतीत ड्रिप-शेडनेट काय होतं ते सांगा, आणि मग विचारा. आणि दुसरीकडून, ज्याला जायचंय त्याला अडवायचंबी नाही. महार समाजाच्या लोकांची फौजेतली भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला बंद केली होती, बाबासाहेबांच्या घरात वडील सुभेदार असून. ते दार उघडायला किती वर्षं भांडावं लागलं, शेवटी 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पोरींना एनडीएची परीक्षा द्यायला 2021 ला सुप्रीम कोर्टाचा आदेश लागला. नको असलेल्याला ओढायचं आणि पाहिजे असलेल्याला अडवायचं, दोन्हीकडं माणसाला विचारलेलंच नाही.

दुसऱ्या अकॅडमीला चार स्टार कामून दिले ते आता सांगतो.

ही शहराच्या बाहेर आहे, पत्र्याचं शेड, समोर मोकळं रान, पहिलीच्या मानानं ग्राउंड साधंच. चालवणारे रिटायर हवालदार, मराठा लाईट इन्फन्ट्रीचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी फीचा विषयच काढला नाही. मला आणि दाजींना म्हणले, तुम्ही तिकडं चहा घ्या, मला लेकरासंगं बोलायचंय. लिंबाच्या झाडाखाली दोन खुर्च्या, एकीवर ते, एकीवर आमचं पोरगं, अर्धा तास तरी बसले. आम्हाला ऐकू येत नव्हतं पण दिसत होतं, पोरगं आधी मान खाली घालून बसलेलं, मग बोलायला लागलं, हातवारे करायला लागलं. घरी ते इतकं बोलत नाही.

मग आम्हाला बोलावलं आणि आमच्यासमोर त्यांनी त्याला सगळं खरं खरं सांगितलं. अग्निवीर म्हणजे चार वर्षं. पहिल्या वर्षी पगार 30,000 पण त्यातले 30 टक्के सेवा निधीत कटतात म्हणून हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000. शेवटी सेवा निधीचे साधारण 11.71 लाख, पेन्शन नाही, आणि चारातला एकच पुढं कायम होतो, पंचवीस टक्क्यांपर्यंत. विमा 48 लाखांचा. सुट्टी वर्षाला 30 दिवस. लग्न झालेलं चालत नाही आणि चार वर्षांत करताबी येत नाही. सेवेत असताना मधीच मन उडालं तर आईला फोन करून घरी येता येत नाही. मग उस्ताद उभे राहिले आणि त्यांनी ती शपथ म्हणून दाखवली, ट्रेनिंगनंतर कसम परेडला घेतात ती, जमिनीवरून, समुद्रातून नसता हवेतून जिथं हुकूम होईल तिथं जाईन, वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम मानीन, त्यात जिवाला धोका असला तरी. म्हणताना त्यांचा आवाज बदलला, हात आपोआप मांडीला चिकटले. दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. उस्ताद पोराला म्हणले, हे तू म्हणायचं, तुझा बाप नाही म्हणू शकत, मी नाही म्हणू शकत, आठ दिवस राहा, पळून बघ, जमलं आणि वाटलं तर फी, नसता एसटीत बसवून देतो.

सगळ्या अकॅडम्यांनी हे असं करायला पाहिजे. आठ दिवस बिनपैशाचे, कागद झेरॉक्स घेऊन परत, मोबाईल रोज रात्री जेवणानंतर, आणि कुणी जायचं म्हणलं तर त्याला थांबवून कारण विचारतात पण अडवत नाहीत. मला वाटलं होतं अशानं निम्मी पोरं जात असतील. तसं काही नाही. उलट इथली पोरं पहाटं शिट्टीच्या आधीच ग्राउंडवर असतात, पहिलीकडं मी दंडुका वाजवत उठवताना बघितलं होतं. शिस्त इथंबी कडक आहे. उशीर झाला तर राऊंड, खोटं बोललं तर राऊंड, पण शिव्या नाहीत आणि अंगावर हात नाही. पोरीबी आहेत, पोलीस भरतीच्या, गोळाफेकला वेगळा तास, एक पोरगी तर रोज एसटीनं येते, घरी भांडून परवानगी घेतलेली, तिचं आठशेचं वेड बघून आमच्या भाच्याला लाज वाटली म्हणला.

शिकवण्याबद्दल. पळण्याचं टायमिंग वहीत लिहून ठेवतात, प्रत्येक पोराचं पान वेगळं, चारशेच्या चार राऊंडचे चार आकडे, म्हणजे पोरगं कुठल्या राऊंडला ढिलं पडतंय ते कळतं. आमचा तिसऱ्यात मार खायचा. पहिल्या राऊंडला जोरात सुटायचा, मग दम संपायचा. उस्तादांनी त्याला पहिला राऊंड मुद्दाम हळू पळायला लावला आणि टायमिंग कमी झालं, हे मी डोळ्यानं बघितलं. छातीचं फुगवणं, बीमची पकड, खड्ड्याची उडी हे सगळं चांगलं. लेखीला मात्र कमी पडतात, गणिताला एक मास्तर आठवड्यातून मोजकेच तास येतो, ऑनलाईन परीक्षेची प्रॅक्टिस मोबाईलवरच. परीक्षा मराठीतून देता येते आता, पण प्रश्नसंच हिंदीतलेच जास्त ठेवलेत. एक स्टार त्यामुळं आणि संडासमुळं कापला. एवढ्या पोरांत तीनच संडास, उन्हाळ्यात टँकर लेट झाला की हाल. हे मी उस्तादांना तोंडावर सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं.

भाच्याचं काय झालं ते विचारणार म्हणून लिहितो. आठ दिवस झाल्यावर तो म्हणला, मला फौज नको, पोलीसची तयारी करायची. आक्काची तब्येत बरी नसती, शुगर आहे, त्याला महाराष्ट्रातच राहायचंय, आणि त्याचं म्हणणं होतं की पोलीसची नोकरी नाही जमली तर राजीनामा तरी देता येतो. दाजी तापले. एक महिना बोलले नाहीत त्याच्याशी, माझ्याशी बी नीट नाही. उस्तादांनीच त्यांना फोन करून सांगितलं की नको म्हणणारं पोरगं सेक्शनमधी असलं तर बाजूच्याचा जीव जातो, मी असली पोरं बघितलीत, तुमचं पोरगं आधीच खरं बोललं हे चांगलं झालं. त्याच बॅचमधलं सेलूकडचं एक पोरगं, ह्याच्या बाजूच्या कॉटवरचं, ते मात्र फौजच म्हणून बसलंय, बाप नको म्हणतो, एकुलतं एक आहे म्हणून, आणि ते रोज बापाला फोनवर समजावतंय. उस्तादांनी त्याच्या बापालाबी बोलावून घेतलं, पोराला बाजूला बसवून ऐकायला लावलं. म्हणजे नको म्हणणाऱ्यालाबी मान आणि हो म्हणणाऱ्यालाबी.

पैशाचं आणि बाकीचं. दुसरीची फी राहून-खाऊन महिन्याला साडेसात हजार, महिन्याच्या महिन्याला, मधी सोडलं तर राहिलेल्या दिवसांचे परत दिले, आमच्या समोर एकाला दिले. बाहेरून येणाऱ्याला दोन हजार. जेवणात सकाळी भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे-गूळ, दुपारी ज्वारीची भाकर, दोन दिवसाआड अंडी, रविवारी मटण नसता शाकाहारीला पनीर. कुणी भरतीला लावून देतो, साहेब ओळखीचे आहेत म्हणून वेगळे पैसे मागितले तर तिथून उठा, फौजेच्या भरतीला पैसे लागत नाहीत, हे उस्तादांनी शेडच्या दाराशीच लिहून ठेवलंय. गादी आपली न्यायची, मच्छरदाणी नक्की न्या. बूट दोन जोड घ्या कारण जुलै-ऑगस्टला तिथं काळी माती वर येते आणि ओले बूट दोन दिवस वाळत नाहीत. आणि पहिल्या दिवशी जाताना बापानं सोबत जावं, पण चहा लांबच्या टपरीवर प्यावा.